खाजनाचा बांध

गोव्यातील नद्यांच्या मुखाकडची सखल जमीन बांध घालून भरतीच्या पाण्यापासून वेगळी काढली, की तिला खाजन म्हणतात. तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण आणि गालजीबाग या नद्यांत समुद्राचे पाणी बरेच आत शिरते. एकेकाळी या काठांवर खारफुटीचे रान आणि चिखलाचे पसरट किनारे होते. पिढ्यान्‌पिढ्या बांध घालत माणसांनी त्यांची भातशेती केली. असे क्षेत्र आज सुमारे १८ हजार हेक्टर आहे. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात हा जवळजवळ विसावा हिस्सा झाला. गोव्याचा शेतकरी भाताच्या जमिनीचे तीन प्रकार मानतो: उंचावरची मोरड, मधली खेर आणि तळाची खाजन. तिन्हींत सर्वांत कसदार, आणि सर्वांत लवकर हातची जाणारी, ती खाजन.

हातची जाते याचे कारण तिची पातळी. खाजनातील पुष्कळशी शेते भरतीच्या पाण्याच्या रेषेखाली आहेत. मांडवी-जुवारीच्या मुखाशी उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरांहून अधिक असतो. म्हणजे दिवसातून दोन वेळा बांधाच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला, त्याहून खाली, भाताचे पीक अशी स्थिती येते. एका शेतकऱ्याने आपल्यापुरता बांध घालून इथे भागत नाही. नदीकाठचा बांध एकच असतो आणि त्याच्या आड शंभर जणांची शेते असतात. त्यामुळे खाजनाची शेती मुळातच सामाईक आहे. शेतांचे तुकडे वेगवेगळ्यांचे असले तरी त्या सगळ्यांचे संरक्षण एकच आहे.

ही व्यवस्था किती जुनी आहे याची साक्ष बांदोडे येथे मिळालेला एक ताम्रपट देतो. कोकणातील मौर्य घराण्याचा राजा अनिर्जितवर्मा याचा तो असून काळ इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचा आहे. त्यात ‘खज्जन’ जमिनीच्या दानाचा उल्लेख येतो. शब्द जवळजवळ तोच राहिला आहे, आणि कामही.

खाजनाची रचना तीन गोष्टींवर उभी आहे: बांध, मानस आणि पोंय. नदीच्या बाजूचा मुख्य बांध खाजनातल्याच चिकट मातीचा घालतात. माती धरून राहावी म्हणून तिच्यात भाताचा पेंढा आणि बांबू घालतात, आणि लाटांचा मार बसणारे अंग जांभ्या दगडाने बांधून काढतात. बांधाबाहेर, पाण्याच्या बाजूला, खारफुटीची रांग राखलेली असते. तिची मुळे गाळ अडवतात, लाटेचा जोर मोडतात आणि बांधाचा पाया धुपू देत नाहीत. जुन्या लोकांनी शेतासाठी खारफुटी तोडली आणि बांधासाठी तीच खारफुटी ठेवली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. किती घ्यायचे आणि किती सोडायचे याचा अंदाज त्यांना होता.

मानस म्हणजे बांधातले पाण्याचे दार. खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या लाकडाच्या झडपा दगडी चौकटीत अशा बसवलेल्या असतात, की बाहेरची भरती वाढली म्हणजे तिच्याच दाबाने त्या मिटतात आणि ओहोटी लागली म्हणजे आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. त्यासाठी इंजिन लागत नाही, वीज लागत नाही, रात्री कोणाला उठून दार ओढावेही लागत नाही. आत थोडे खारे पाणी घ्यायचे असेल तेव्हा मात्र माणूस लागतो. फळ्या काढायच्या, हवे तेवढे पाणी घ्यायचे आणि वेळेवर पुन्हा बसवायच्या. खाजनाचे भले किंवा वाटोळे या ‘वेळेवर’ शब्दावर ठरत आले आहे.

मानशीच्या आतल्या बाजूला, शेतांच्या मधोमध किंवा कडेने, पोंय असते. हा खोल, नागमोडी पाणीसाठा. बहुतेक ठिकाणी तो मूळच्या खाडीचाच एक फाटा असतो. पोंयीचे काम वरवर पाहणाऱ्याला कळत नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगायला हवे. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. डोंगराकडून आलेले ते सगळे पाणी उतरत उतरत खाजनात येते. त्याच वेळी बाहेर भरती असेल, तर मानस मिटलेली असते आणि पाण्याला वाट नसते. ते पाच-सहा तास पाणी कुठे थांबणार? ते पोंयीत थांबते. ओहोटी लागली, झडपा उघडल्या, की पोंय रिकामी होते आणि पुढच्या भरतीसाठी जागा तयार होते. पोंय गाळाने भरली तर बांध शाबूत असूनही गोड्या पाण्यात पीक बुडते. म्हणून उन्हाळ्यात पोंयीतला गाळ काढून तो बांधावर चढवण्याची रीत होती. एकाच श्रमात पोंय खोल होई आणि बांध उंच होई. देखभालीचे काम इतके नेमके जुळवलेले दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

पहिल्या पावसांनी जमिनीवरचे मीठ धुऊन नेले की पेरणी होते. खाजनात बहुधा मोड आणलेले बी थेट शेतात टाकतात. कोकणात या पद्धतीला रहू म्हणतात. कोरगुट आणि आसगो ही इथली जुनी वाणे खारटपणा सोसतात, उंच वाढतात आणि थोडे पाणी साचले तरी मान टाकत नाहीत. संकरित किंवा ठेंगण्या सुधारित वाणांइतका उतारा ती देत नाहीत. पण पाण्यात मीठ वाढलेल्या वर्षी ती उभी राहतात आणि नवी वाणे करपतात. जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने स्थानिक खारसहिष्णू वाणांतून निवड करत ‘गोवा धान’ नावाची वाणे पुढे आणली आहेत. ते काम महत्त्वाचे आहे, कारण शेतकऱ्याच्या कणग्यांतून एकदा गेलेले बियाणे परत आणायला दुसरीकडे जागा नसते. त्या बियाण्याला ही माती, हे पाणी आणि ही भरती शतकानुशतके माहीत आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी झाली की खाजनाचा दुसरा हंगाम सुरू होतो. शेतात उरलेले धसकट कुजते आणि त्यावर वाढणाऱ्या बारीक जीवांवर मासे पोसतात. भरतीबरोबर मानशीतून आत आलेली कोळंबी, शेवटे, काळुंदर, चणक आणि कुरल्या पोंयीत वाढतात. ओहोटीला पाणी बाहेर पडताना मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ही मासळी धरतात. काही खाजनांत मिठागरेही आहेत; आगरवाडा, हडफडे, भाटी या गावांची नावे मिठाशी जोडलेली आहेत. भात, मासळी आणि मीठ अशी तीन उत्पन्ने एकाच जमिनीतून निघत. त्यांत ओढाताण होतीच. मासळीला खारे पाणी हवे असते आणि भाताला ते नको असते. ती ओढाताण कोणाच्या बाजूने सोडवायची, हा प्रश्न शेतीशास्त्राचा नव्हता. तो गावाच्या कारभाराचा होता.

तो कारभार गावकारीकडे होता. गाव वसवणाऱ्या घराण्यांचे वंशज म्हणजे गावकार, आणि त्यांची सभा म्हणजे गावकारी. पोर्तुगिजांनी या संस्थांना कोमुनिदाद हे नाव दिले. १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने त्यांचे रीतिरिवाज एका सनदेत नोंदवून घेतले. ती ‘फोराल’ या नावाने ओळखली जाते. पुढे १९०४, १९३३ आणि १९६१ मध्ये त्यांच्यासाठी संहिता झाल्या. आज गोव्यात २२३ कोमुनिदादी आहेत. खाजनाची मालकी संस्थेची असे. शेते ठरावीक मुदतीने लिलावात कसायला दिली जात आणि मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव वेगळा होई.

या संस्थेच्या हिशेबाची वही हीच खाजन टिकण्यामागची खरी किल्ली आहे. लिलावातून आलेल्या पैशातून आधी सरकारी देणे, बांधबंदिस्ती, मानशीची दुरुस्ती, राखणदाराचे वेतन आणि गावाची सामाईक कामे भागवली जात. जे उरेल ते गावकारांत वाटले जाई; त्या वाट्याला जोण म्हणतात. ज्या वर्षी बांधाला खर्च जास्त, त्या वर्षी जोण कमी. नफ्याच्या आधी देखभाल हा क्रम कोणाच्या सद्‌भावनेवर सोडलेला नव्हता. पैसे हातात येण्याआधीच तो पाळला जाई. दुरुस्ती टाळून पुढच्या पिढीवर ढकलण्याचा मोह कोणत्याही संस्थेला होतो. इथे तो मोह व्हायला फटच ठेवलेली नव्हती.

राखणदार बांधावरून नेमाने फिरे. खेकड्याचे एक बीळसुद्धा दुर्लक्षून चालत नाही. त्यातून पाणी झिरपू लागते, माती सैल होते आणि एखाद्या उधाणाच्या रात्री तिथे खांड पडते. बीळ दिसले त्याच दिवशी चिखलाने बुजवायचे, हा बांधाच्या राखणीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा नियम. खांड पडलीच, तर शेत कोणाचे हे न पाहता सगळ्यांनी पुढच्या भरतीआधी धावायचे, हा रिवाज होता. त्या घाईला कारण असे. खारे पाणी एकदा शेतात बसले, की ते मीठ धुऊन निघायला एक पावसाळा पुरतोच असे नाही.

खाजनाकडे पाहण्याची गावाची दृष्टी केवळ हिशेबी नव्हती. फोंडा तालुक्यातील दुर्भाटला पौष अमावास्येच्या सुमारास ‘मानगे थापणी’ होते. खाजनाच्या चिखलाची मगर घडवतात, शिंपल्यांनी तिची पाठ सजवतात आणि तिची पूजा करतात. नदीतली मगर इथे शेताची राखणदार मानलेली आहे. जिच्यापासून भय, तिलाच बांधाच्या रक्षणाचे मानकरीपण, असा हा भाव आहे. बांध, पाणी आणि त्यातले जीव एकाच घरातले आहेत, हे शेतकरी या पूजेतून दरवर्षी मनाशी घट्ट करतो.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचा अन्यायही सांगितला पाहिजे. जोण गावकार घराण्यांतील पुरुषांना मिळे. ज्या कुणबी-गावडा समाजांच्या हातांनी बांध घातले आणि शेते कसली, त्यांना लिलावात शेत मिळाले तर मिळे. मालकीत वाटा नव्हता. मुदत संपली की कसणाऱ्याची धाकधूक सुरू होई. पोर्तुगीज राजवटीतून गोवा मुक्त झाल्यावर हा प्रश्न हाती घेणे भागच होते. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री असताना १९६४ मध्ये कूळ कायदा झाला आणि शशिकला काकोडकर यांच्या काळात १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन झाली. ही न्यायाची गोष्ट होती आणि ती करायलाच हवी होती.

चूक झाली ती दुसरीकडे. जमीन कुळांच्या नावे झाली, पण बांध, मानस आणि पोंय यांचे तुकडे करून ते कोणाच्या नावे करता येत नव्हते. १९७५ च्या नियमांनी कुळांची सामाईक जबाबदारी ठरवली आणि त्यासाठी टेनंट असोसिएशन स्थापन झाल्या. मानशीच्या लिलावाचे उत्पन्न त्यांच्याकडे आले. कोमुनिदादीचे उत्पन्न आटले, तिचा राखणदार गेला आणि तिचा जुना खर्चाचा क्रमही तिच्याबरोबर गेला. मोठ्या दुरुस्तीसाठी आता सरकारी मृदसंधारण खात्याकडे अर्ज करावा लागतो. अर्ज, अंदाजपत्रक, निविदा आणि मंजुरी यांना वेळ लागतो, आणि भरती तर दिवसातून दोनदा येते.

त्यातच मासळीचा भाव भाताच्या भावापेक्षा कितीतरी वेगाने वाढला. मानशीचा लिलाव घेणाऱ्याने वर्षाची रक्कम आगाऊ भरलेली असते आणि ती त्याला त्याच वर्षात वसूल करायची असते. फळ्या जरा जास्त वेळ काढून ठेवल्या की मासळी वाढते. शेतात मीठ चढते, पण ते नुकसान त्याचे नसते. पुढच्या हंगामात काठची शेते पडीक राहतात. पडीक शेत वाढले की भाताच्या बाजूने बोलणारी माणसे सभेत कमी होतात आणि मानस आणखी उघडी राहते. कित्येक खाजने अशीच, कोणी एका दिवशी ठरवून नव्हे, हळूहळू पाण्याखाली गेली. काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारीही वर्षानुवर्षे होत आल्या आहेत.

बाहेरचे आघातही झाले. खनिजवाहू बार्ज मांडवी-जुवारीतून ये-जा करू लागल्या आणि त्यांच्या लाटांनी बांधांची अंगे धुपली. रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या भरावांनी पाण्याच्या जुन्या वाटा अडल्या. जमिनीला मोल चढले तसे भात न पिकणारे खाजन बांधकामाच्या नजरेत भरू लागले. इथे एक साधी गोष्ट विसरली जाते. भराव घातलेल्या खाजनाला पोंयीचे काम करता येत नाही. ते थांबवून धरत असलेले पावसाचे पाणी मग शेजारच्या वाड्यांत आणि रस्त्यांवर शिरते. खाजन ही शहराचीही गरज आहे.

खारफुटीची गुंतागुंत याहून नाजूक आहे. बांध फुटलेल्या खाजनात दोन-चार वर्षांत खारफुटी रुजते. खारफुटीला किनारी नियमनाचे कडक संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. चोडण बेटावरचे सलीम अली पक्षी अभयारण्य हे खारफुटीच्या वैभवाचे उत्तम उदाहरण. परंतु बांधाच्या आत उगवलेले रोप काढण्याची मुभा नसेल, तर शेतकऱ्याला शेत परत मिळवता येत नाही. जागेचा प्रश्न इथे निर्णायक आहे: बांधाबाहेरची खारफुटी शेताचे कवच असते, आणि बांधाच्या आतली खारफुटी बांध हरल्याची खूण असते. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी खास तरतूद आली. खाजनांचे नकाशे करावेत, त्यांलगतची खारफुटी राखावी आणि खाजनात विकासकामांना परवानगी देऊ नये, असे तिने सांगितले. २०२३ मध्ये गोव्याने भातशेतीच्या जमिनी बिगरशेतकऱ्यांना विकण्यावर निर्बंध घालणारा कायदाही केला. या दोन्ही तरतुदी खाजन विकू किंवा बुजवू देत नाहीत. मात्र बांधावरचे बीळ बुजवायला त्या माणूस देत नाहीत.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. रायगडच्या पेण-अलिबाग भागातील खारभूमी हे खाजनाचेच भावंड आहे. गोव्यातली मानस तिथे उघाडी होते आणि गोव्याचा चणक तिथे जिताडा होतो. तिथल्या शिलोत्री पद्धतीत शेतकरी सरकारी साऱ्याखेरीज बांधाच्या दुरुस्तीसाठी म्हणून वेगळे भात देत असे. म्हणजे तिथेही बांधाचा वाटा पिकातून आधीच बाजूला काढलेला होता. १९४८ च्या खारभूमी कायद्याने आणि पुढे १९७९ च्या अधिनियमाने हे काम सरकारी यंत्रणेकडे गेले. तिथेही फुटलेल्या बांधांमुळे नापीक झालेली शेते आणि त्यांत वाढलेली खारफुटी दिसते. राज्ये वेगळी, कायदे वेगळे, तरी दुखणे एकच निघाले: ज्याचे पीक बुडते त्याच्या हाती बांधाचा पैसा राहिला नाही.

आता समुद्रही जुना राहिलेला नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि ही वाढ वेग घेत आहे. बांधाची उंची ठरवताना जी भरती जुन्या लोकांनी धरली, ती आज अपुरी आहे. पोंय मोठी असणे, मानशीच्या झडपा घट्ट असणे, बाहेरची खारफुटी दाट असणे आणि कोरगुटाचे बी घरात असणे या चार गोष्टींवर पुढची पन्नास वर्षे अवलंबून आहेत. यांपैकी एकही गोष्ट एका हंगामात उत्पन्न देत नाही. म्हणूनच त्यांचा खर्च हिशेबात सर्वांत आधी यायला हवा. मानशीच्या लिलावातला ठरावीक हिस्सा बांधासाठी वेगळ्या खात्यात ठेवणे, फळ्या उघडण्याच्या वेळा लिलावाच्या करारातच लिहिणे, त्या मोडणाऱ्याचा लिलाव रद्द करणे आणि पगारी राखणदार नेमणे, एवढे असोसिएशनला स्वतःच्या ठरावाने करता येते. मोठी खांड सरकारने बांधावी. बीळ मात्र गावानेच बुजवले पाहिजे, कारण ते गावालाच दिसते.

खाजनातल्या पुष्कळ कुळांची पुढची पिढी आज पणजी-मडगावात किंवा परदेशात नोकरी करते. शेतात ती उतरत नसली, तरी जमिनीच्या नोंदीच्या, म्हणजे एक-चौदाच्या उताऱ्यावर तिचे नाव आहे आणि असोसिएशनच्या सभेत तिला मत आहे. ज्यांचे नाव त्या उताऱ्यावर आहे त्यांनी यंदा पावसाआधी सभेला जावे, मानशीच्या लिलावाचा हिशेब मागावा आणि सभा संपल्यावर एकदा बांधावरून चालत जावे.